विहीणबाई आणि गळणारं मशीन

मुलांनो, जगातली कोणतीही वस्तू बिघडत नाही, ती फक्त रुसते, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे, आणि त्या तुमच्या आईच्या आई आहेत. तुम्ही त्यांना फोनच्या पडद्यावर ओळखता. म्हणजे त्यांचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच ओळखता, कारण फोन कसाही धरला तरी बाकीची आजी पडद्याच्या खालीच राहते. ती उरलेली आजी तुम्हाला कळावी म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईने वाचून दाखवताना काही गाळू नये आणि यातलं एक अक्षरही चामटोलीला फोनवर सांगू नये, एवढीच माझी अट.

नात्याने त्या माझ्या विहीणबाई. मी अंबरनाथला, त्या बदलापूरपुढे चामटोलीला. मध्ये एकदा रिक्षा बदलली की झालं. त्यांचे यजमान गेल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा त्या दुपारच्या जेवणाला माझ्याकडे येतात, आणि रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. वालाच्या शेंगा असतात, गावठी भेंडी असते, आणि एकदा तर एवढा थोरला लाल भोपळा होता की शेअर रिक्षात त्याने एका माणसाची जागा अडवली. रिक्षावाला भोपळ्याचंही भाडं मागायला लागला, तेव्हा विहीणबाईंनी भोपळा उचलून मांडीवर घेतला, वर पदर घातला आणि म्हणाल्या, "ल्हान पोर हाय माझं. मांडीवरच्याचं भाडं नसतं." रिक्षावाल्याने पुढे वाद घातला नाही. पोराच्या अंगाला हात लावून बघायची त्याची हिंमत झाली नसावी.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरताना त्या चपला काढून हातात घेतात, कारण जी बिचारी आपल्याला उचलून वर नेते तिच्या अंगावर चपला घालून उभं राहणं त्यांना पटत नाही. एकदा आम्ही दोघी लिफ्टमध्ये असताना ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मी शिस्तीत धोक्याची घंटा दाबली आणि भिंतीवर लावलेल्या सूचना वाचायला लागले. विहीणबाईंनी लिफ्टच्या भिंतीवर दोन थापट्या मारल्या आणि हळू आवाजात विचारलं, "दमलीस का बाय?" आणि खोटं कशाला सांगू, लिफ्ट सुरू झाली. तेव्हापासून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना पाहिलं की खुर्चीतून उठतात. हॉलमधला पंखा कुरकुरायला लागला तेव्हाही त्यांनी स्टुलावर चढून त्याला खोबरेल पाजलं. पंखा गप्प झाला खरा, पण पुढचा आठवडाभर माझ्या इंग्रजी पेपरात अग्रलेखाच्या जागी तेलाचे डाग यायचे. "डोक्याला थंड पडंल तुमच्या," असं त्यावर त्यांचं म्हणणं.

आता मुख्य गोष्ट. स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून माझं मनगट मोडलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. हात प्लास्टरमध्ये असतानाच आमच्या भांड्याच्या बाईंना आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं. त्यांनी ते घेतलं हे उत्तम केलं, पण माझी पंचाईत झाली. तुमच्या बाबाने कॅनडात बसून माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक म्हणजे भांडी धुणारं मशीन. दुसरी म्हणजे पुण्यातलं ज्येष्ठ नागरिकांचं संकुल. मशीनच्या जोरावर माझं घर चालतंय असं दिसलं तर इथे राहायचं, आणि पुन्हा काही भानगड झाली तर दिवाळीनंतर पुणे. त्या संकुलात नर्स आहे, बाग आहे आणि रोज सकाळी हास्यक्लब आहे. खरं सांगायचं तर मला त्या हास्यक्लबाचीच धास्ती वाटली. या वयात मला हसू यायला कारण लागतं, आणि ते कारण आठवड्यातून दोन-तीनदा चामटोलीहून रिक्षाने येतं.

पुण्याचं ऐकलं तेव्हा विहीणबाई जेवत होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी विचारलं, "पुन्याला चामटोलीवरनं रिक्षा जाते?" मी नाही म्हणाले. "मंग ही मशीन चालायलाच पायजे," त्या म्हणाल्या, आणि भातावर पुन्हा कालवण घेतलं.

मशीन आलं त्या दिवशी विहीणबाईंनी ते उंबऱ्याबाहेर थांबवून ओवाळलं. खोकं उचलून उभे असलेले दोघे हमाल आरती संपेपर्यंत घामाघूम झाले होते. मग कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मशीनचं तोंड दक्षिणेला येतंय म्हणून बसवणाऱ्याशी थोडी चकमक झाली. नळ ज्या भिंतीला आहे तिकडेच मशीन बसणार, हे शेवटी त्यांनी नाइलाजाने मान्य केलं. त्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही माझ्या विहीणबाई, माझ्या घरी तुम्ही भांड्याला हात लावायचा नाही. मनगट पुरतं बरं होईपर्यंत मशीनमध्ये भांडी रचून दिलीत तर तेवढंच पुष्कळ. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या. त्यांच्या "बरं"चा अर्थ तुमचं ऐकलं एवढाच असतो, त्यात होकार धरायचा नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मशीन गळलं. जेवणं झाली होती, मी माझ्या खोलीत जरा आडवी झाले होते, आणि उठून येऊन बघते तर मशीनच्या दाराखालून पाणी येऊन ओट्याखाली थारोळं साचलेलं. पाण्यावर दोन-चार बुडबुडे होते, पण साबणाच्या पाण्यात बुडबुडे असायचेच, म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. विहीणबाई पदर खोचून फरशी पुसत होत्या आणि मशीनला विचारत होत्या, "काय गं, काय झालं?"

त्यानंतर आमच्या घरी दोन वैद्यकशास्त्रांची लढाई सुरू झाली. मी मशीनसोबत आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. जाळी काढून धुतली, मागच्या नळीची पकड आवळून घेतली, मशीन तिरकं नाही ना हे वर पाण्याची वाटी ठेवून तपासलं. विहीणबाईंनी मशीनला कान लावला, त्याच्या दोन्ही कुशी दाबून पाहिल्या, जशी गाभण म्हैस बघतात तशी, आणि निदान केलं की हिच्या पोटात वारा धरलाय. उपाय म्हणून त्या ओवा घालायला निघाल्या होत्या, तो मी हातातून काढून घेतला. मग त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली. मिरची दारात अडकून मशीन सुरूच होईना, तेव्हा "बगा, गलायची थांबली," असं समाधानाने म्हणाल्या.

मधल्या एका दिवशी कंपनीचा माणूस आला. त्या दिवशी विहीणबाई नव्हत्या. त्याने माझ्या सकाळच्या नाश्त्याची भांडी घालून मशीन चालवून पाहिलं, आणि एक थेंब बाहेर आला नाही. "मॅडम, मशीन एकदम ओके आहे," असं सांगून तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या आणि मशीन गळलं. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. डॉक्टरसमोर गुरंसुद्धा शहाण्यासारखी वागतात आणि तो कुंपणाबाहेर गेला की लंगडतात, असा त्यांचा अनुभव होता.

दाराचं रबर खराब असेल अशी मला शंका होती, म्हणून आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. ज्या वस्तूचा अजून शोध लागायचा आहे तीसुद्धा उल्हासनगरात दोन दुकानांत मिळते, अशी इकडे सगळ्यांचीच श्रद्धा आहे. दुकानदार सिंधी होता, गोड बोलणारा. मी मशीनचं नाव-गाव सांगायला लागले, तोवर त्याने विचारलं, "अम्मा, कंपनी का चाहिए या कंपनी जैसा?" विहीणबाईंनी रबर हातभर ताणून पाहिलं, नाकाशी नेलं, आणि मग दाताखाली धरून चावलं. इतकी वर्षं धंदा करून असं गिऱ्हाईक त्या गृहस्थांनी पाहिलं नसावं; त्यांनी न मागता भाव उतरवला. घरी आणून बघतो तर रबर फ्रिजचं निघालं. "चवीला बरं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

मग एका दुपारी मी झोपले असताना त्यांनी स्वतःचं शास्त्र वापरलं. मडक्यावरचं झाकण पिठाने बंद करतात, तसं त्यांनी तांदळाची गरम उकड काढून मशीनच्या दाराभोवती बोटाने दाबून बसवली. गव्हाच्या कणकेच्या पकडीवर भरवसा नाही, असं त्यांचं मत. आत दीडेक तास कढत पाणी फिरत राहिलं आणि उकड जिथल्या तिथे आणखी वाफवली गेली. मी येऊन पाहते तो मशीनला पांढरीशुभ्र महिरप आली होती, महिरपीखालून पाणी वाहत होतं, आणि विहीणबाई तिचा एक तुकडा तोडून चाखत होत्या. मीठ राहिलं म्हणाल्या.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण दिवाळी जवळ येत होती, आणि तुमचा बाबा दर रविवारी विचारायचा, "आई, फरशी कोरडी आहे ना?" मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगवत नव्हतं, म्हणून मी तिकडच्या थंडीची चौकशी करायचे. आणि मग विहीणबाई यायच्या बंद झाल्या. फोन केला तर गुडघे दुखतात म्हणाल्या. पुढच्या वेळी गुडघे बरे होते पण शेतात गडी होते, त्यानंतर गडी गेले आणि खोकला आला. त्या दिवसांत मशीन एकदाही गळलं नाही. माझी फरशी खणखणीत कोरडी होती आणि मी टेबलाशी एकटी बसून वालाचं बिरडं खात होते. एका माणसापुरतं बिरडं करायचं म्हणजे सोलायला जितका वेळ, तितकाही खायला लागत नाही.

शेवटी मीच रिक्षा करून चामटोलीला गेले. विहीणबाई अंगणात धडधाकट बसून भेंडी निवडत होत्या. खोकल्याचं विचारलं तर त्यांना आधी आठवेनाच. मग मान खाली घालून म्हणाल्या, "माझा पाय लागला का ती गलते, विहीनबाई. मी नसले का बरी ऱ्हाते. तुमच्या ध्यानात नाय आलं, माझ्या आलं." मी म्हणाले, असलं काही नसतं. "असूं दे नायतर नसूं दे. तुमी पुन्याला गेलात तर मी दुपारची कुनाकडं जाऊ?"

मी त्यांची पिशवी उचलली आणि चला म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत त्या नाही-नाही म्हणत होत्या, पण भेंडी मात्र बरोबर घेतली होती.

जेवण झालं. त्या म्हणाल्या, तुम्ही पडा, मी मशीन लावते. मी पडले, पण झोप येईना, म्हणून पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. विहीणबाई माझ्याकडे पाठ करून सिंकशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात काथ्या, आणि ओट्यावर भांड्याच्या साबणाची वडी. एकेक ताट, एकेक वाटी त्या साबणाने खसाखसा घासत होत्या, आणि ते फेसाने माखलेलं भांडं, पाणी न लावता, तसंच मशीनमध्ये रचत होत्या. आणि सवयीप्रमाणे मशीनशी बोलत होत्या.

"घासायचं मी, इसलायचं तू. एकलीवर कशाला सगला भार? लेकीच्या सासरी जेवून खरकटं ताट टाकून उठंल का कुनी? पन त्यांना नको सांगू, रागं भरतील. आनि आज गलू नको बाय. माझी विहीन जायल ना पुन्याला."

मुलांनो, तुम्हाला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. पूर्वी मुलीचे आईवडील तिच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसत. नातवंड झालं की मग चालायचं. तुम्ही जन्मलात म्हणून विहीणबाई माझ्याकडे जेवायला लागल्या. तुमची ती जगातली पहिली कामगिरी. पण जेवण्याची मोकळीक मिळाली तरी उष्टं ताट टाकून उठण्याची मोकळीक त्यांच्या मनाने काही दिली नव्हती. आणि त्या मशीनच्या पुस्तकात, मी स्वतः खाली रेघ मारलेल्या ओळीत, लिहिलं होतं की मशीनच्या खास पावडरीखेरीज दुसरा कोणताही साबण आत गेला तर फेस होतो आणि दाराखालून पाणी येतं. मशीन गळू नये म्हणून सगळ्यात जास्त धडपडणारा माणूस ते दर वेळी आपल्या हाताने गळवत होता.

मी पाऊल न वाजवता खोलीत परत गेले आणि पडून विचार करायला लागले. खरं सांगितलं असतं तर आपल्या पायानेच गळत होतं हे त्यांना पुराव्यानिशी पटलं असतं, आणि त्या पुन्हा उंबरा चढल्या नसत्या. साबण लपवला असता तर त्यांनी चामटोलीहून राख आणली असती. तासाभराने उठले तेव्हा थारोळं होतंच. विहीणबाई ते पुसत होत्या आणि या वेळी मशीनशी एक शब्दही बोलत नव्हत्या.

पुढच्या रविवारी तुमच्या बाबाला मी फोनवर मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचं कबूल केलं. विहीणबाईंनाही बोलावलं. त्या आल्या, पण घरात येईनात; जिन्याच्या पायरीवर बसल्या, म्हणाल्या, माझी सावलीपन नको. मी सकाळपासूनची खरकटी भांडी एका हाताने स्वतः रचली, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि बटण दाबलं. तुम्ही दोघंही तेव्हा पडद्यावर बाबाच्या मागे उभे होतात, आणि हा असला कंटाळवाणा कार्यक्रम का लावलाय म्हणून कुरकुरत होतात. मशीन ऐन भरात घुमायला लागलं तेव्हा मी जिन्यावर गेले, विहीणबाईंना मनगटाला धरून आत आणलं, आणि मशीनपुढे खुर्ची ठेवून तिच्यावर बसवलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मशीन थांबलं. फरशी कोरडी. तुमचा बाबा म्हणाला, "ठीक आहे आई, पुण्याला नको म्हणून कळवतो." विहीणबाईंनी एक डोळा उघडून फरशी पाहिली, मग दुसरा उघडला, मग वाकून हात फिरवून पाहिला, आणि तो कोरडा हात मशीनच्या गालावरून फिरवत म्हणाल्या, "इतके दिस काय छललंस गं आमाला." श्रेय त्यांनी उकडीला दिलं. मीठ राहिलं तरी गुण आला म्हणाल्या.

आता नेहमीच्या दिवसांचा प्रश्न होता. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी सांगितलं की मशीनला आज उपास आहे. यंत्राला उपास कसा, अशी शंका त्यांच्या मनालाही शिवली नाही. त्यांनी फक्त विचारलं की सोडायचा कधी. उद्या सकाळी, मी म्हणाले. त्यावर त्यांनी मान डोलावली. राबणाऱ्या बाईला एक दिवस विसावा हवाच, म्हणाल्या. मग त्यांनी घासलं आणि मी बऱ्या हाताने विसळलं. त्या येतात त्या प्रत्येक दिवशी आमच्या मशीनला उपास असतो. सोमवार, गुरुवार, कधी संकष्टी. इतकं व्रतस्थ मशीन साऱ्या अंबरनाथात दुसरं नसेल. लेकीच्या सासरची भांडी आता त्या उघड घासतात, आणि घासताना तुमच्या आईच्या लहानपणीच्या ज्या गोष्टी सांगतात त्या मी इथे लिहीत नाही, कारण हे तीच वाचून दाखवणार आहे.

परवा त्या आल्या. वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती. जेवण झाल्यावर त्या उठल्या, बेसिनशी हात धुतले, गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. त्यांचं ताट टेबलावर तसंच होतं. भाताची चार शितं, बिरड्याचा सुकत चाललेला ओघळ, आणि कडेला भाकरीचा एक तुकडा.

मी त्या ताटाकडे बराच वेळ बघत उभी राहिले. दमल्या असतील. हल्ली रिक्षातून उतरताना त्या माझा हात धरतात, आणि जरा जास्त वेळ धरून ठेवतात. किंवा हे घर त्यांना आता लेकीचं सासर वाटत नसेल. दोन्हींपैकी काय, ते मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. मी ते ताट उचललं, खरकट्यासकट मशीनमध्ये ठेवलं आणि बटण दाबलं. मग आवाजाने त्यांना जाग येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.